डाव्या पायाचं माप

आई, मी सायकल घेतली. घेतली म्हणजे दुकानातून उचलून आणली नाही, माझ्या मापाची करून घेतली. पोलादाच्या नळ्या कापून, जोडून, एका माणसाने चार महिने खपून हाताने बनवली. वाकड्या हँडलची आहे, बारीक चाकांची, आणि इतकी हलकी की मी एका हाताने उचलून लिफ्टमध्ये घेते. करी रोडच्या आमच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर ती हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला उभी असते. तुझे जावई पहिल्या दिवशी तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "पाहुणीला चहा विचारलास का?" ते हसले, मीही हसले. तू असतीस तर हसली नसतीस. चष्मा नाकावर ओढून आधी जोड बघितले असतेस. ब्लाउज कुणीही शिवलेला असो, तू तो आधी उलटा करून आतली शिवण बघायचीस, मग सुलटा. या सायकलचे जोड तुला आवडले असते. नळीला नळी कुठे मिळाली ते बोट फिरवलं तरी कळत नाही.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. मला पंचावन्न झाली, तुला जाऊन तेवीस वर्षं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं. तयार सायकल आणली. माझी उंची तुझ्याइतकीच, पाच फुटाला दोन बोटं कमी. सीट पार खाली केली तरी पाय ताणावा लागायचा, हँडल गाठायला ओणवं व्हायला लागायचं, आणि चालवून आले की डावा खुबा दोन दिवस ठणकायचा. महिन्याभरात ती सायकल देऊन टाकली. आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे, रविवारी खोपोलीपर्यंत सायकल मारून येते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही सायकलमध्ये मावायला बघताय. उलटं करा ना. परळला एक जण आहे, मापावर बनवून देतो." मापावर हा शब्द इतक्या वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकला. त्याच शनिवारी गेले.

जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्याचा गाळा. पस्तिशीचा असेल, दाढी वाढलेली, हाताला काजळी. "बसा काकू, पंखा एकच आहे, त्याच्यासमोर बसा," म्हणाला. मग चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं आणि टेप काढली. खांदे, हात, धड, मांडी, पोटरी. प्रत्येक माप घेऊन गप्पपणे लिहीत होता. मग मला भिंतीकडे तोंड करायला लावलं, मागून बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, डावा पाय छोटा आहे तुमचा. माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. त्याने प्लायवूडच्या पातळ चकत्या आणल्या आणि कंबर सरळ दिसेपर्यंत एकेक करून माझ्या डाव्या टाचेखाली सरकवल्या. "पावणेदोन सेंटिमीटर. चालताना कसं काय दिसलं नाही मला?" मग त्याचं लक्ष माझ्या चपलेकडे गेलं. डावी उचलून आतली जाड गादी त्याने दाबून बघितली. "हे कुणी केलं?"

"लालबागचा मोची करून देतो. पहिलं आईने केलं होतं, तो त्यावरून करतो."

"आई डॉक्टर होत्या का?"

"ब्लाउज शिवायची. डिलाईल रोडला."

त्याने गादीवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि चप्पल माझ्या पायाशी ठेवली. मी पंख्याकडे बघत राहिले.

डिलाईल रोडची आपली खोली, दाराशी तुझं मशीन, कारण उजेड फक्त तिथेच. दुपारी कपबशा धुऊन झाल्या की एकेक बाई येते, तू खडू कानावर ठेवून तिच्याभोवती टेप फिरवतेस. माप कधी मोठ्याने म्हणत नाहीस. मशीनवर कागद असतो, त्यावर लिहून कागद पालथा घालतेस. समोरच्या खोलीतली जाड बाई एकदा म्हणाली, "माझं अंगच मेलं बेढब, तू तरी काय करणार?" तू तोंडातल्या टाचण्या काढून म्हणालीस, "अंगाला कित्याक नावं ठेवतंस? कापड माझ्या हातात हा." माझा पाय मोडून आखूड सांधला गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते. डॉक्टरांनी आता काही होणार नाही म्हणून सांगितलं आणि तू घरी येऊन कात्री घेतलीस. जुन्या कॅनव्हासचे थर एकावर एक ठेवून, गोधडीसारखे टाके घालून, तू माझ्या डाव्या बुटात घालायची गादी केलीस. दर जूनमध्ये नवी. युनिफॉर्मच्या स्कर्टची शिवण डावीकडे बोटभर वर घ्यायचीस, म्हणजे घातल्यावर घेर सरळ दिसावा. शाळेत कितीतरी वर्षं कुणालाही कळलं नाही. मलासुद्धा कितीदा विसरायला व्हायचं.

म्हणून तर मैदानातल्या त्या संध्याकाळचा एवढा राग आला होता. मी बारा वर्षांची. कोपऱ्यावरच्या दुकानातून शाळेतल्या मैत्रिणींनी तासावर सायकल आणलेली, मोठी, काळी, आडव्या दांड्याची. माझी पाळी आली. दांड्याखालून पाय घालून मी दोन पेडल मारते, डावा पाय पोचत नाही, आणि सायकलसकट खडीत आडवी. गुडघा फुटतो. मी पुन्हा चढतेच आहे एवढ्यात तू येतेस, गळ्यात टेप तशीच. माझं मनगट धरून सगळ्यांच्या समोर म्हणतेस, "उतर आधी. ही सायकल तुझ्यासाठी केलेली नाय." मैत्रिणी माझ्या पायाकडे बघतात. सहा वर्षं तू जे झाकून ठेवलंस ते तूच एका वाक्यात उघडं केलंस, असं मला वाटलं. घरापर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. पुढचे आठ दिवसही नाही.

नवव्या दिवशी शाळेतून आले तर ताटाशेजारी काहीतरी ठेवलेलं. लाकडाचा ठोकळा, त्याला कॅनव्हासचं कव्हर, दोन्ही बाजूंनी नाडीचे पट्टे. डाव्या पेडलला बांधायचा. तू दुकानात जाऊन पेडलची रुंदी मोजून आली होतीस, आणि सायकलवाल्याला त्याच्याकडची सगळ्यात बुटकी सायकल माझ्यासाठी ठेवायलाही सांगून आली होतीस. मी तो ठोकळा हातात घेतला, उलटून बघितला, आतली शिवण बाहेरच्याइतकीच साफ होती. आणि म्हणाले, "मला नको. मी काय लंगडी आहे?" तू माझ्याकडे बघितलंस. "बरा. नको तर नको," एवढंच म्हणालीस आणि भाकरी टाकायला वळलीस. आई, परळच्या त्या माणसाने माझ्या डाव्या पेडलला जो ठोकळा बसवलाय तो ॲल्युमिनियमचा आहे, त्याला चार स्क्रू आहेत, पण आकार तुझाच आहे. त्याने तो कागदावर काढून दाखवला तेव्हा मी म्हटलं, "अगदी असाच हवा." "तुम्ही आधी वापरलाय?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं.

फ्रेम जोडायला घेतली तेव्हा त्याने मला बघायला बोलावलं होतं. नळ्या लोखंडी चौकटीत अडकवून ठेवलेल्या, सांध्यांवर पितळ वितळवून तो त्या जोडणार होता. गॉगल कपाळावर ठेवून, गॅसची नळी तपासत त्याने सहज विचारलं, "काकू, पाय मोडला कसा?"

याचं उत्तर मला पाठ आहे. तुझ्याच तोंडून पाठ झालंय. मी म्हटलं, "सहा वर्षांची होते. आमच्या चाळीत जिना धुवायच्या पाळ्या असायच्या. त्या दिवशी आईची होती, जिना ओला राहिला..." आणि मी थांबले. का ते सांगता येणार नाही. कदाचित त्याने माझी सगळी मापं घेतली होती म्हणून असेल.

"मग?"

"नाही. जिना केव्हाच सुकला होता. मी कठड्यावर बसून घसरत खाली येत होते. आईने तीनदा नको म्हणून सांगितलं होतं."

त्याने वर बघितलं. "आणि आईंना?"

"कधीच नाही सांगितलं."

"काकू, जरा मागे व्हा," तो म्हणाला, "ज्योत पेटवतोय."

आधी माराच्या भीतीने सांगितलं नाही, आई. मी खाली पडलेली, तू धावत आलीस, मी म्हटलं, "पाय घसरला." ते खोटं नव्हतंच पूर्ण. पण तुझं तोंड पांढरं पडलं आणि तू जिन्याकडे बघितलंस, ते मी बघितलं. मग प्लास्टर होतं तोवर तू मला भरवत होतीस, लोकांची शिलाई परत पाठवत होतीस, आणि मला ते आवडत होतं. मग उशीर झाला. त्यानंतर आपली पाळी आली की तू जिना धुऊन झाल्यावर जुनं लुगडं घेऊन गुडघ्यांवर बसायचीस आणि एकेक पायरी कोरडी करायचीस. वरपासून खालपर्यंत, बावीस पायऱ्या. शेजारणी हसायच्या. मी दप्तर घेऊन वरच्या पायरीवर तुझं पुसून व्हायची वाट बघत उभी असायचे. कॉलेजची पुस्तकं हातात घेऊनही उभी राहिलेय. मला बघायला आले त्या दिवशी पोहे पुढे करत तू तुझ्या भावी व्याह्यांना सांगितलंस, "पाय आखूड हा तिचा. चूक माझी. आधीच सांगतंय." मी समोर मान खाली घालून बसले होते, सगळ्यांना वाटलं लाजतेय. आणि शेवटी शीवच्या हॉस्पिटलात, एका दुपारी मी तुझ्या खाटेपाशी बसलेली, तू डोळे उघडून म्हणालीस, "पाय दुखता काय गो?" खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "नाही गं." तू डोळे मिटलेस.

सायकल घरी आली त्या रविवारी सकाळीच निघाले. लालबागचा फ्लायओव्हर टाळून खालून, मग भायखळा, मग गिरगाव. खुब्यात काही नाही, गुडघ्यात काही नाही. दोन्ही पाय सारखे फिरतात हे मला भायखळ्याच्या पुलाच्या चढावर कळलं, कारण तोवर मी पायांचा विचारच केला नव्हता. एक टॅक्सीवाला शेजारून जाताना ओरडला, "क्या बात है मावशी!" चौपाटीवर पोचले तेव्हा मला कुणाला तरी फोन करायचा होता. केला नाही. ठेल्यावर उभी राहून दोन कप चहा प्यायले आणि परत आले. आता मी दर रविवारी जाते. कधी दादर, कधी शीव. शीवला हॉस्पिटलच्या गेटासमोरून जाताना वेग कमी होतो, पण अजून थांबले नाहीये.

त्या परक्या माणसाला खरं सांगितल्यावर वाटलं होतं, आता सुटलं, आता घरीही सांगेन. एवढ्यासाठीच हे लिहायला बसले, म्हणजे आधी तुला सांगून होईल. पण मागच्या आठवड्यातलंही सांगायलाच हवं. तुझी नात तिच्या मित्राला जेवायला घेऊन आली होती, लग्न करायचं म्हणतेय त्याच्याशी. पोरगा चांगला आहे, सायकलपाशी उकिडवा बसून सगळं बघत होता. डावं पेडल बघून त्याने विचारलं, हा ठोकळा कशाला? लेक ताटावरूनच सांगायला लागली. आजीने जिना धुतला होता, ओला ठेवला, आई घसरली, आजी मग आयुष्यभर जिने पुसत बसायची. माझ्याकडून ऐकलेलं, अगदी तुझ्याच शब्दांत सांगत होती. तो म्हणाला, "बिचारी आजी." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात सोलकढीचं पातेलं होतं. मी म्हटलं, "अजून कुणाला वाढू?"