हळदीचा ड्रम, पांढरं वरण

१९ जानेवारी
आज प्रोजेक्टचा दुसरा रिव्ह्यू. सरांनी आम्हा चौघांना ओळीनं उभं केलं. निखिल ग्रूप लीडर, तो बोलला. अंकुशनं वेल्डिंगचं सांगितलं, पायलनं ड्रॉइंग दाखवलं. मग सर माझ्याकडे वळले. "आणि तुझं काम काय?" मी तोंड उघडायच्या आत निखिल म्हणाला, "सर, तिची आई गेली श्रावणात. तिच्याकडे रिपोर्ट टाइप करायचं दिलंय." सरांनी मान हलवली. पुढचा ग्रूप.

कोणी वाईट वागत नाही. उलट फारच चांगलं वागतात.

परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी. बाहेर पऱ्हाटी उभी, कुठे कुठे कापूस राहिलेला. डोळा लागला. आमचं सिंदी स्टेशन आलं तेव्हा वाटलं, आई प्लॅटफॉर्मवर असेल. ती कधी घ्यायला येत नसे. तरी.

२ फेब्रुवारी
पायलच्या डब्यात वांग्याची भाजी होती. सगळ्यांना वाढली आणि माझ्यासमोर नुसती पोळी ठेवली. "तुले हळद नाई चालत ना वं आता." मी पोळी मोडली. हळद चालत नाही ती तेराव्यापर्यंत. नंतर चालते.

पण घरी अजून कुठे चालते? स्वयंपाक बाबा करतात. वरण पांढरं असतं. तेरावं झालं, दिवाळी गेली, बाबांनी हळदीचा डबा उघडलेला नाही. विसरतात की मुद्दाम, विचारलं नाही. ते वाढतात, मी जेवते.

आणि आमचं प्रोजेक्ट हळदीचं. वाळलेलं हळकुंड वरून मातकट, खरखरीत असतं. जाळीच्या ड्रममध्ये घालून पेडलनं फिरवायचं, साल घासून जाते, आतून पिवळं निघतं. विषय ठरला तेव्हा आई होती. ऐकून हसली होती. "इंजिनियर होऊन हळदच चोळणार का?"

१० फेब्रुवारी
पहाटे आई दिसली. ओट्याशी बसून भाजलेले शेंगदाणे फडक्यात चोळत होती. फोलपटं उडत होती, सगळीकडे, माझ्या केसांतही. म्हणाली, "बुकलू नको, चोळ. साल गेली पाह्यजे, दाणा नाई फुटला पाह्यजे."

हे स्वप्न नाही खरं तर. असं ती नेहमीच म्हणायची. त्यावरूनच मी सुरुवातीला, आई असताना, ड्रमचा वेग काढला होता. हळकुंडं वरून खाली आपटायला नकोत, एकमेकांवर लोळायला हवीत. म्हणून माझ्या चित्रात मोठी दातेरी चकती ड्रमवर होती, लहान पेडलवर. म्हणजे ड्रम हळू.

२१ फेब्रुवारी
वर्कशॉपमध्ये ड्रम उभा राहिला. निळा रंग. निखिलनं पेडल मारलं तर जाळी दिसेनाशी झाली, नुसतं धुकं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाहिलं, चकत्या उलट्या लावल्यात. मोठी पेडलवर.

म्हटलं, "थोडा हळू हवा होता."
"फास्ट फिरलं की सरांना आउटपुट दिसते," निखिल. "तू टेन्शन नको घेऊ, मीनल. तू फक्त रिपोर्ट पाह्य."

मी रिपोर्ट पाहिला. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की अक्षरं दिसेनात.

७ मार्च
पायलच्या स्टेटसवर फोटो. तिघंही वायगावला, अंकुशच्या मामाच्या शेतात. तोंडं पिवळी, दात काढून हसताहेत. मागे आमचा ड्रम. आज ट्रायल होती.

मला माहीतच नव्हतं.

फोटो बराच वेळ पाहिला. उजेड हळदीच्या धुळीतून येतोय. तिथे चौथ्या माणसाला जागा होती.

९ मार्च
पायलला विचारलं. ती रडवेली झाली. "हळद होती ना. तुया घरी वर्ष नाई सरलं. आम्हाले वाटलं तुले बोलावणं बरं नाई दिसत."

ट्रायल फसली, हेही तिनंच सांगितलं. हळकुंडांचे तुकडे झाले. मामा रागावले नाहीत म्हणे. पोतं पाहून म्हणाले, "मशीन तं झकास आहे पोरंहो, पण हे हळद आहे, मुरमुरे नाई." पाडव्याआधी अजून एक पोतं देतो म्हणालेत. तेही फोडलं तर पुढे नाही. आणि शेतावरचा निकाल नसेल तर सर फायनलला मशीन उभंही करू देणार नाहीत.

११ मार्च
कँटीनमागे भांडण. माझं पहिलंच.

मी चकत्यांचं सांगितलं. निखिल उसळला. "मंग आधी काऊन नाई बोलली?"
"बोलले होते."
"इतक्या हळू कोण ऐकते बाप्पा!"
अंकुश म्हणाला, "अन् आपण तिले विचारलं कधी बे?"

चहावर साय आली.

मग निखिल स्वतःच म्हणाला, "बरं. आता सांग." मी टिश्यूवर काढून दाखवलं. शेंगदाण्यांचंही सांगितलं. हसला नाही. म्हणाला, "चकत्या बदलू. पण पेडल केवढं मारायचं, पोतं किती भरायचं, हे तुले तिथं उभं राहून पाहा लागन. हात घाला लागतीन. हळदीत." थांबला. "रविवारी पुन्हा जाऊ. घरी विचार."

मला जायचं आहे. इतकं स्पष्ट काही हवंय असं श्रावणापासून वाटलं नव्हतं.

१२ मार्च
विचारलं. नेमकी आत्या आलेली.

"वर्ष सरलं नाई अन् हे पोरगी हळदीत हात घालून राह्यली! लोकं काय म्हणतीन रे भाऊ?"
बाबा तांदूळ निवडत होते.
"शिक्षणाचं काम आहे, आत्या."
"मंग दुसऱ्या पोरीले सांग. तुयाच हातानं अडलं का?"

हो, माझ्याच हातानं अडलंय. पण मोठ्यानं बोलले नाही. पुन्हा हळूच. बाबांनी वर पाहिलं. ऐकलं असावं. मग पुन्हा तांदूळ निवडू लागले.

१५ मार्च
सकाळी उठले तर माझा डबा भरलेला. आज रविवार, कॉलेज नाही. बाबा दारात चप्पल घालत होते. "वायगावले जायचं ना? चाल, स्टेशनावर सोडतो. गाडी चुकन."

एवढंच. स्कूटरवर मी त्यांच्या पाठीशी डोळे मिटून बसले. लहानपणी बसायची तशी.

वायगाव. मामांनी हळद खळ्यावर पसरलेली. चकत्या बदललेल्या होत्या. निखिलनं ड्रमचं झाकण उघडलं आणि बाजूला सरकला. "ये." मी दोन्ही हात घातले. कोमट होती, उन्हानं. ड्रम अर्धाच भरायला लावला. निखिल पेडलवर बसला आणि त्याचं नेहमीचं सुरू झालं.
"हळू."
"अवं, यापेक्षा हळू तं माही आजी चालवते!"
"मग आजीला बोलाव."
पायल इतकी हसली की खाली बसली. मग तो हळू मारायला लागला. आवाज बदलला. आधी खडखड होती, आता ओढ्यातल्या गोट्यांसारखं काहीतरी. धूळ उन्हात तरंगत होती, आणि त्यात मी कुठे संपते ते कळेना. क्षणभर वाटलं, मागे कोणी फडकं झटकतंय. वळून पाहिलं नाही.

झाकण उघडलं. बरीच हळकुंडं अख्खी, पिवळीजर्द. काही तरीही मोडली होती. काहींची साल तशीच. मामांनी एक हातात घेऊन वास घेतला. "जमते. अजून जमलं नाई, पण जमते." पुढचं पोतं देणार का, ते नाही सांगितलं. निघताना एक मूठ माझ्या रुमालात बांधली. "घरी नेजो, पोरी." घ्यावी की नको, कळेना. घेतली.

निखिल म्हणाला, "सरांना तूच सांगजो. मोठ्यानं पण."

घरी आले तेव्हा हात धुतले होते तरी पिवळे होते. बाबांनी हातांकडे पाहिलं. आत्या दारातच होती, तिनंही पाहिलं आणि पदर सावरून गेली. मी रुमाल ओट्यावर ठेवला. सोडला नाही. आतल्या खोलीत येऊन बसले.

बाबा स्वयंपाकघरात आहेत. मघा डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. कोणत्या डब्याचं, ते इथून कळत नाही. आता फोडणीचा वास येतोय.

हाक मारताहेत. जेवायला जाते.