चिंचेखालून पाठवलेलं लोकेशन

१८ ऑक्टोबर २०१५, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढे कोणाला माझ्याबद्दल लिहायचं झालं तर तारखा शोधत बसायला नको.

शुक्रवारी ‘उपयुक्त टिप्स, बोरटोला’ हा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला. ॲडमिन मीच. पहिली टिप: लिंबू चिरण्याआधी गरम पाण्यात ठेवा, रस दुप्पट. दोन दिवसांत एकच उत्तर आलं, तेही नीतूचं, म्हणजे सख्ख्या बहिणीचं: आधी लिंबू आणून दे. गाव सुधारायला वेळ लागणार.

त्यात गावात रेंज नाही. दरेकशाकडचे डोंगर आडवे येतात. टॉवर पलीकडच्या कोसमटोल्यात. तिथे भूपेंद्रच्या घरासमोर चिंच आहे, तिच्याखाली रेंजच्या चार दांड्या. रोज सायकल मारत जातो. भूपेंद्र शाळेतला दोस्त. फोन अजून बटनाचा. धान, म्हशी आणि झोप, एवढंच त्याचं नेटवर्क. त्याची आई अनुसयाबाई मला रोज चहा देते. साधी माणसं. जग कुठे चाललंय, खबरच नाही.

२१ ऑक्टोबर, बुधवार

फोन बैलांच्या पाण्याच्या टाक्यात पडला. घाबरलो नाही. टिप पाठ आहे: ओला फोन वाटीभर तांदळात ठेवा. वाटीभर! शहरातल्या लोकांनी लिहिलेलं, ते वाटीनेच मोजणार. आपण धानाच्या जिल्ह्यातले. सरळ कोठीतल्या धानात खुपसला.

संध्याकाळी फोन सापडेना. धान सरकतं, हे टिपेत नव्हतं. बाबूजी, नीतू आणि मी, तिघांनी मिळून कोठी उपसली. बाबूजी एक शब्द बोलले नाहीत, चांगलं लक्षण. आई मात्र बोललीच: काऊन रे लोकू, फोन पेरला होता का? उगवते का ते पाहून राहिला?

फोन सुरू झाला. म्हणजे टिप बरोबर. स्पीकरमधून थोडा कोंडा येतो, चालायचंच.

२५ ऑक्टोबर, रविवार

आमगावकडे मुलगी पाहायला गेलो. स्थळ छोटेलाल मामांनी आणलं. वाटेत मामा म्हणाले, पाह्य लोकू, तेहतीस वर्साचा झाला तू, चार जागी नाही झाली. हे पाचवं. ह्याच्यानंतर मले सांगजो नको, माझे जोडे घासले. मामांचं बोलणं नकारात्मक आहे. चार ठिकाणी ‘नाही’ झालेली नाही, तिकडून निर्णय यायचा राहिलाय.

बायोडेट्याचा फोटो ऑनलाइन टूलने सुधारला होता. मागे म्हैस होती, ती काढून विमान टाकलं. बिरसीला विमानतळ आहे, म्हणजे विमान आपल्याच जिल्ह्यातलं. खोटं काय त्यात? मुलीच्या काकांनी विचारलं, तुम्ही बिरसीले पायलट आहात का जी? मी फक्त हसलो. हसणं म्हणजे ‘हो’ नव्हे.

मुलीचं नाव भाग्यश्री. शिवणकामाचे क्लास घेते. दोघांना बोलायला पाच मिनिटं दिली. मी वेळ वाया घालवला नाही. उकडलेला बटाटा तीन सेकंदांत कसा सोलायचा, ते सांगितलं. ती म्हणाली, घाई कोनाले आहे? आणि हसली. गालावर खळी पडते, उजव्या.

आवडली. फार आवडली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

२८ ऑक्टोबर, बुधवार

चिंचेखाली बसून ऑनलाइन पत्रिका जुळवली. छत्तीसपैकी अकरा गुण. साइटच फालतू. दुसरी उघडली, तिथेही अकरा. मग डोकं लावलं: जन्मवेळ चुकीची असणार. घरी येऊन आईला विचारलं, मी नेमका केव्हा झालो? म्हणाली, गाई घरी आल्या तेव्हा. आता गाई काय घड्याळ लावून येतात?

२९ ऑक्टोबर, गुरुवार

वेळ मागेपुढे करून पाहिली. पहाटे चार टाकले तर एकतीस गुण. म्हणजे मी पहाटेचा. त्या दिवशी गाई लवकर आल्या असतील.

१ नोव्हेंबर, रविवार

मामांचा निरोप. मुलीचे वडील जागेश्वरजी, काका आणि मावशी आमचं घर पाहायला येणार, मंडईच्या दिवशी, एकोणीसला. घर पसंत पडलं की तुळशीच्या लग्नानंतर साक्षगंध, शहरी भाषेत साखरपुडा. म्हणजे जमल्यातच जमा.

पुण्या-मुंबईवाल्यांना मंडई म्हटलं की भाजी आठवते. आमची दिवाळीनंतर गावोगाव भरते. दुकानं, पाळणे, रात्री दंडारीचं नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांचा पूर. त्या दिवशी दारात आलेल्याला ‘तुम्ही कोण’ असं विचारायचं नाही. आधी पाणी, मग ताट, नावगाव सवडीने. गेल्या मंडईत एक माणूस दोन दिवस राहून गेला. आईला वाटलं बाबूजींकडचा, बाबूजींना वाटलं आईकडचा. ही पद्धत बंद झाली पाहिजे. पाहुण्यांची ऑनलाइन यादी हवी. तसं ग्रुपवर टाकलं.

यंदा आमची आणि कोसमटोल्याची मंडई एकाच दिवशी. कोणीच मागे हटत नाही. मी ऑनलाइन मतदान ठेवलं: तारीख बदलावी का?

८ नोव्हेंबर, रविवार

मतदानाचा निकाल. एकूण तीन मतं. तिन्ही बदलाच्या बाजूने. तिन्ही माझी, पण एकमत झालं हे महत्त्वाचं. सरपंचांना दाखवलं. ते म्हणाले, बापा, धान कापाले चाल.

१५ नोव्हेंबर, रविवार

घराची तयारी. आई पांढऱ्या छुई मातीने भिंती सारवून राहिली, अंगण शेणाने. मी आधुनिक बाजू सांभाळली. माश्यांसाठी टिप: पारदर्शक पिशवीत पाणी भरून, आत नाणं टाकून दारावर टांगा. माश्या लांबूनच परत जातात. नऊ पिशव्या टांगल्या.

शेजारच्या नंदाबाई आल्या. पिशव्यांकडे पाहिलं, आईला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, कोनं काही केलं का वो तुमच्या घरावर? बावाले दाखवलं का? आईने समजावलं. नंदाबाई गेल्या, पण पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी.

आई म्हणाली, काढ ते. मी म्हणालो, विज्ञान आहे. म्हणाली, तुझं विज्ञान पाहून पावने पळतीन. मी दुर्लक्ष केलं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

मामा म्हणत होते, मी पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला जातो. मी म्हटलं, कोणत्या जमान्यात आहात? त्यांच्याकडे गाडी आहे, काकांकडे स्मार्टफोन आहे, मी लोकेशन पाठवतो. मामा म्हणाले, लोकेशन चहा पाजते का?

संध्याकाळी चिंचेखाली उभा राहून काकांना लोकेशन पाठवलं. चारही दांड्या फुल. निळा ठिपका एकदम ठाम, हलतसुद्धा नव्हता. खाली लिहिलं: डोळे मिटून या, थेट दारात पोहोचाल. अनुसयाबाईने विचारलं, कोनाले बोलावून राहिला गा? म्हटलं, सोयऱ्यांना. म्हणाली, येऊ दे, येऊ दे.

१९ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

मंडई. आई पहाटेपासून चुलीपुढे. वडे, पुरीसारख्या सुवाऱ्या, खीर. मी पांढरा शर्ट, कॉलरला टूथपेस्ट घासून. डाग गेला, पुदिन्याचा वास राहिला. ताजेतवानं वाटतं. भाग्यश्री येणार नाही, तशी रीत नाही. तरी तीनदा केस विंचरले. आज सगळं नीट झालं पाहिजे. खरंच झालं पाहिजे.

दुपार

अजून आले नाहीत. सकाळपासून अनोळखी चौदा माणसं जेवून गेली. ज्यांच्यासाठी रांधलं ते सोडून सगळे आले. बाबूजी दारात उभे. मामा माझ्याकडे पाहत नाहीत. रस्ता खराब असेल.

चारच्या सुमारास

भूपेंद्र आला मोटरसायकलवर. घाम पुसत म्हणाला, लोकू, तुझे पावने आमच्या घरी आहेत बे. अकरालाच आले. मायनं पानी देल्लं, ताट वाढलं. ते म्हणे, लोकेंद्र कुठी आहे? माय म्हणे, येईन, रोज येते तो, तुम्ही जेवा. जेवल्यावर समजलं.

मी शांत होतो. लोकेशनमध्ये काही चूक नाही. जिथून पाठवलं तिथेच ते बरोबर पोहोचले. चूक असेल तर टॉवर बसवणाऱ्यांची. भूपेंद्रला म्हटलं, घेऊन ये. म्हणाला, आणतो, पण काका मायच्या खाटेवर झोपले आहेत, उठू दे.

संध्याकाळ

आले. पोट भरलेली माणसं घर नीट पाहत नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. सुवारीला कोणी हात लावला नाही. अर्धा कप चहा. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, एक तरी घ्या जी, एक तरी.

जागेश्वरजी पिशव्यांपुढे थांबले. मी माश्यांचं सांगितलं. त्या वेळी पिशवीवर एक माशी बसलेली होती. अपवाद.

मावशी म्हणाल्या, अनुसयाबाईंनी तुमची फार तारीफ केली. पोरगा सालस आहे म्हणे, रोज आमच्या चिंचेखाली येऊन बसते, दोन-तीन घंटे, कोनाले तरास नाही. काकांनी विचारलं, मंग विमान केव्हा चालवता? मी पुन्हा हसलो. या वेळी कोणी सोबत हसलं नाही.

जाताना जागेश्वरजी म्हणाले, कळवतो. ‘नाही’ म्हणाले नाहीत! आईला समजावून सांगितलं. ती उरलेल्या सुवाऱ्या मोजून नंदाबाईंकडे पाठवत होती. माझ्याकडे पाहिलंही नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

तुळशीचं लग्न झालं. आमगावहून काही नाही. संपर्क राहावा म्हणून जागेश्वरजींना टिप्सच्या ग्रुपमध्ये घेतलं. दहा मिनिटांत ‘लेफ्ट’ दिसलं. चुकून दाबलं असेल, ज्येष्ठांना जमत नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा लेफ्ट. तिसऱ्यांदा घेतल्यावर त्यांनी मला ब्लॉक केलं असं नीतू म्हणते. तिला सेटिंगमधलं काय कळतं?

२८ नोव्हेंबर, शनिवार

चिंचेखाली गेलो. भूपेंद्र घरी नव्हता. अनुसयाबाई चहा देताना नजरेला नजर देत नव्हती. म्हटलं, तब्येत बरी नाही का? म्हणाली, बरी आहे बाबू. आणि साखर दोनदा टाकली.

भूपेंद्र आमगावला गेला होता म्हणे. धान विकायला असेल. पण धान तर अजून शेतात आहे.

६ डिसेंबर, रविवार

छोटेलाल मामा आले. ओट्यावर बसले, पाणीही घेतलं नाही. सोयरीक जमली. भाग्यश्रीची. भूपेंद्रशी.

त्या दिवशी भूपेंद्रने पाहुण्यांच्या हातावर पाणी घातलं, काकांसाठी खाट टाकली, जोडे उन्हातून सावलीत ठेवले. म्हशी दाखवल्या. म्हणजे काही विशेष केलं नाही. पोरीलाही पसंत, मामा म्हणाले. मुलगा भेटायला आला तेव्हा काहीच बोलला नाही म्हणे, तिने दिलेला चहा प्यायला आणि कप स्वतः धुऊन ठेवला.

आई भडकली. मामांवर नाही, माझ्यावर. म्हणाली, साऱ्या जगाले रस्ता दाखवते अन् आपल्या घराचा दाखवता आला नाही तुले! मग पदर तोंडाला लावून आत गेली. जेवलो नाही.

दिवे लागल्यावर भूपेंद्र आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, लोकू, तू म्हनशीन तर मी आताच नाही म्हनून येतो. आईची शपथ. रडवेला झाला होता गाढव. मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच म्हटलं असतं तर तो गेलाही असता, हेच वाईट. म्हटलं, जा रे, मूर्खा. चांगली पोरगी आहे. तिला हसवत जा, खळी पडते.

तो गेल्यावर विचार केला. तांत्रिकदृष्ट्या ही सोयरीक कोणी जमवली? माझ्या फोनने. माझं लोकेशन नसतं तर हे दोघं जन्मात भेटले नसते. मामांना निघताना तसं बोललोही, सहज. मामांनी तेच पुन्हा एकदा म्हणायला लावलं, मग जोडे घातले.

१३ डिसेंबर, रविवार

साक्षगंध. आमगावला, मुलीच्या घरी. मी जाणार नव्हतो. आई म्हणाली, नाही गेला तर लोक हसतीन. गेलो, तरी लोक हसलेच.

सगळं आटोपल्यावर जागेश्वरजींनी माइक घेतला. म्हणाले, सोयरीक जमवनाऱ्याचा मान राहिला. लोकेंद्रभाऊ, पुढे या. मामांनीच सांगितलं असणार. भरल्या मांडवात मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, टॉवेल दिला, नारळ दिला, डोक्यावर टोपी घातली. टाळ्या. काकांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. मी हात जोडले. माइक माझ्यापुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं ऐकायला बसली होती. एकही टिप आठवली नाही.

मग रीतीप्रमाणे दोघं पाया पडायला आले. भूपेंद्र मान खाली घालून. भाग्यश्री हिरव्या साडीत. वाकली, म्हणाली, आशीर्वाद द्या भाऊ. मी हात वर केला. काय आशीर्वाद दिला, आठवत नाही. दिला काहीतरी.

परतताना मामांची मोटरसायकल मी चालवली, आई मागच्या सीटवर होती. दारात गाडी थांबवली तेव्हा तिने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, लोकू, टोपी काढ आता. घर आलं.