आईच्या हातचं

प्रिय चिमणी,

घरी सगळं ठीक आहे असं लिहून मोकळा झालो असतो, पण तू दुसऱ्याच ओळीत मला पकडलं असतंस. फोनवर मला धड बोलता येत नाही. जन्मभर बस चालवली, त्यामुळे मागून कोणी काही विचारलं की समोर बघत हं हं म्हणायची सवय लागलीय. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस.

पुढच्या खोलीतलं पार्लर तुझ्या आईने बंद केलं. मोठा आरसा उतरवला, त्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. फिरती खुर्ची शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी नेली. परवा नर्सबाई भुवया करायला आल्या, तर आई म्हणाली की हल्ली डोळ्यांना नीट दिसत नाही. सपशेल खोटं. सुईत दोरा ती अजून पहिल्या झटक्यात ओवते. नर्सबाई गेल्यावर रिकाम्या खोलीत उगीच केर काढत बसली.

मागच्या वेळी तू आलीस तेव्हा स्टँडवर मी तुला क्षणभर ओळखलंच नाही. डोक्यावर केसकी, म्हणजे ती छोटी पगडी, खांद्यावर कृपाण, चेहऱ्यावर कसलं तरी समाधान. खरं सांगतो, छान दिसत होतीस. तू अमृत घेऊन खालशाची दीक्षा घेतलीस याचा मला अभिमानच वाटला होता, फक्त तो तोंडातून बाहेर आला नाही. घरी आल्यावर तू पिशवीतून लोखंडी तवा नि पातेलं काढलंस. आईला वाटलं, तिला भेट आणलीस. तिने पदराने तवा पुसलासुद्धा. मग तू शांतपणे सांगितलंस की आता अमृतधारी नसलेल्यांच्या हातचं तुला चालत नाही. तोवर ठीक होतं, गं. नियम तुझा, पोट तुझं. पण पुढे तू म्हणालीस की शिखाने केसांना कात्री लावायची नसते, आणि जे हात दिवसभर लोकांचे केस कापतात, त्या हातांचं तर मुळीच नको.

तुझी वेणी घालताना एक केस तुटला तरी तो गुंडाळून जपून ठेवणारे हेच ते हात. आईने कणकेची परात झाकली आणि तुझ्यासाठी ओटा धुऊन दिला. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर स्कूटरला पेट्रोल आहे का ते बघायला खाली गेलो. पेट्रोल होतं.

दुसऱ्या दिवशी डेपोत मात्र माझी जीभ सुटली. तुमच्यासारख्या कडक लोकांची मी यथेच्छ टिंगल केली. आमचा कंडक्टर, तोही अमृतधारी, मुकाट्याने ऐकत डबा खात होता. माझं झाल्यावर त्याने डब्यातला अर्धा फुलका माझ्यापुढे ठेवला. माझ्या कातरलेल्या दाढीवरून तो आजवर एक शब्द बोललेला नाही. तेव्हा लक्षात आलं की तू आईला नावं ठेवलीस, मी तुला ठेवली, आणि त्यामुळे आपल्या दोघांनाही जेवण गोड लागलं नाही. गुरुद्वाऱ्यात एका पंगतीत मांडी घालून बसतो आणि बाहेर जोडे घालता घालता कोण किती पक्का शीख याचं माप काढत सुटतो. कोणाची पगडी सैल, कोणाच्या सुनेच्या भुवया कोरलेल्या. आईला हे ऐकायची सवय होती. तुझ्या तोंडून ऐकायची नव्हती.

आता जे सांगतोय त्यावर रागावू नकोस. निघायच्या दिवशी तू गुरुद्वाऱ्यात लंगर जेवलीस, कारण तिथलं तुला चालतं. तू उठायच्या आत आई घरातून गेली होती. माथा टेकायला नाही, लंगरच्या स्वयंपाकघरात. तू पंगतीत ओंजळ पुढे केलीस, त्यात पडलेले फुलके तिने लाटले होते. दाराआडून ती तुला जेवताना बघत होती. तू दोनदा मागून घेतलेस. घरी येऊन तिने मला सांगितलं तेव्हा आधी आनंदाने रडली आणि मग घाबरली, की लेकीचा नियम आपण फसवून मोडला. तेव्हापासून तिला नीट झोप नाही.

येत्या रविवारी इथे अमृतसंचार, म्हणजे अमृत देण्याचा सोहळा आहे आणि तुझ्या आईने नाव दिलंय. गुरुद्वाऱ्यातल्या ग्यानीजींनी तिला विचारलं की बहेनजी, मनात कशामुळे आलं. हिने सरळ सांगितलं की मुलगी माझ्या हातचं खाईल म्हणून. ग्यानीजींनी तिला बसायला सांगितलं. मग म्हणाले की अमृत गुरूसाठी घ्यायचं असतं, आधी मुलीशी बोलून या. ती तुझ्याशी बोलणार नाही, मला ठाऊक आहे. नकार ऐकायची तिच्यात ताकद उरलेली नाही. म्हणून त्या दिवशी न बोललेलं मी आज लिहितोय. चिमणी, शनिवारी ये. नियम मोडू नकोस, तुझा तवा घेऊन ये, तुझं तू रांध. फक्त ओट्याशी तिच्या शेजारी उभी राहा, आणि तिला सांग की अमृत घेतलं नाही तरी ती तुझी आईच आहे. एवढं ऐकूनही रविवारी तिला जावंसं वाटलं, तर मी स्वतः तिला नेऊन सोडीन आणि ती बाहेर येईपर्यंत दाराशी सेवा म्हणून लोकांचे जोडे पुसत बसेन.

वाट बघणारा, तुझाच
पप्पा