चूल न पेटलेल्या घरची कॉफी

अप्पा, दुकान चालू आहे. हेच आधी लिहिते, कारण तुम्हीही आधी हेच विचारलं असतंत आणि माझ्या तब्येतीची चौकशी मागाहून केली असतीत. कॉफी भाजायचं यंत्र नवं आलं. जुनं मागच्या खोलीत आहे आणि आई त्याच्यावर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळवते. गल्ल्यावर आता मी बसते. चेन्नईची नोकरी सोडून आले तेव्हा नातेवाईक म्हणाले, एवढी शिकलेली मुलगी पुड्या बांधायला आली. तिथेही मी पुड्याच सोडत होते, हे त्यांना कुठे माहीत! मोठमोठ्या कंपन्यांबद्दल लोकांनी चांगलं बोलावं म्हणून मला पगार मिळायचा. तुम्हाला माझं काम शेवटपर्यंत उमगलं नाही. "लोक चांगलं बोलायाला पगार कशाला गे?" असं तुम्ही अगदी साध्या मनाने विचारायचात आणि मी चिडून जेवणाच्या पानावरून उठायचे.

इथे येऊन पाहिलं तर धंदा पार बसला होता. तंजावरच्या रस्त्यावर पितळी पेला-वाटीची चित्रं लावलेली झगझगीत कॉफीची दुकानं रांगेने उभी राहिली आहेत आणि गाडीतून येणारा माणूस तिथेच थांबतो. आपल्या गल्लीत वळायचं त्याला कारण नाही. आपल्याला तारून नेत होती ती गावातली लग्नं. लग्नाच्या स्वयंपाक्यांमधले ते थोरले गृहस्थ, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं आणि ज्यांना तुम्ही खुर्ची देऊन मग बोलायचात, ते अजून आपल्याकडूनच पूड नेत होते आणि ते नेतात म्हणून लग्नघरंही नेत होती. पण तेवढ्यावर किती दिवस काढणार? मला जी एकच विद्या येते ती मी वापरली. खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारी पुण्याची एक मुलगी जवळच्या नाच्चियारकोविल गावी पितळी दिवे बनवताना बघायला आली होती, तिला मी दुकानात बोलावून घेतलं.

आईला काय आनंद झाला म्हणून सांगू! दारात कुणी अनोळखी पोर येऊन आपल्या भाषेत बोलते, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या मुलीला आईची मराठी ऐकून हसू आवरेना. म्हणाली, आजी, तुम्ही तर जुन्या बखरीतून बोलता. आई आणखीच खुलली. कॅमेरा समोर आहे हे विसरून स्वयंपाकघरात बसल्यासारखी बोलत सुटली. जिभेला हाड नसतं. "या ऊरांतल्या स्वयंपाक्यांला कॉफी कुठं ठाऊक?" ती म्हणाली. "कॉफींत मिसळायाची चिकोरीच उकळून देतात, अन् लोक पितात." ऊर म्हणजे गाव, हे मी त्या मुलीला सांगितलं आणि आम्ही तिघी पोट धरून हसलो.

आपली खोड तुम्हाला माहीत आहे. दारात तमिळ, घरात मराठी, आणि दुकानात दोन्ही. समोरचा मोठा माणूस असो, ओळखीचा असो, त्याच्यादेखत मराठीत काहीही बोलावं, मध्ये पडदा असल्यासारखं. मी शाळेत असताना एकदा एका गिऱ्हाइकाच्या चालण्यावर आईशी काहीतरी बोलून फिदीफिदी हसले होते. तुम्ही पुडी बांधली, त्या बाईंना पायरीपर्यंत पोचवलंत आणि मग माझ्याकडे वळलात. आवाज चढवला नाहीत. "भाषा कळंना त्यांला," म्हणालात. "तोंड कळतं." त्या दिवशी मला फार लागलं होतं. तुमच्यावर रागावून मी संध्याकाळची कॉफी घेतली नाही, आणि तुम्हीही आग्रह केला नाहीत.

त्या पुण्याच्या मुलीने चांगल्या मनाने एक गोष्ट केली. इथल्या लोकांनाही समजावं म्हणून व्हिडिओखाली तमिळ भाषांतर करवून घातलं. आईचा प्रत्येक शब्द, जसाच्या तसा. पुण्याहून, नाशकाहून कुरिअरच्या ऑर्डरी येऊ लागल्या, मी खूश. पण गावात तो व्हिडिओ घरोघरच्या फोनवर फिरला. कुणी भांडायला आलं नाही, अप्पा. भांडले असते तर बरं झालं असतं. लोक रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले, एवढंच. मामांचा माणूस पूड न्यायला यायचा बंद झाला, आणि त्यांच्यामागून लग्नघरंही गेली. कुरिअरच्या ऑर्डरींवर एक यंत्र आणि दोन माणसं पोसता येत नाहीत. मी बसून तमिळमध्ये छान निवेदन तयार केलं: भावना दुखावण्याचा हेतू नव्हता वगैरे. अशी निवेदनं मी पूर्वी ढीगभर लिहिली आहेत. वाचून पाहिलं तर कुठल्याही कंपनीच्या नावाने खपलं असतं. ते मी कुठे टाकलं नाही. आई मात्र दुकानात यायची थांबली. देवळात जायचं तर मागच्या बोळातून जायची. एवढं आयुष्य ज्या गावात काढलं तिथे या वयात तिला तोंड लपवावं लागलं, आणि कॅमेरा घरात आणला होता मी. धंद्यापेक्षा मला तेच जास्त खात होतं.

मग मामांची बायको वारली. बातमी संध्याकाळी कळली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला फिल्टरच्या वासाने जाग आली. पाहते तर आईने मोठं फिल्टर लावलं होतं, दूध तापत होतं आणि झाकणाचा पितळी डबा घासूनपुसून तयार होता. मला क्षणभर काही उमजेना. मग तुम्ही आठवलात. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पहिल्या सकाळची कॉफी तुम्ही स्वतः नेऊन द्यायचात. त्या घरची माणसं गिऱ्हाईक असोत नसोत. परत आलात की मागच्या अंगणात आंघोळ करून मगच दुकान उघडायचात. तुम्ही गेल्यावर ती रीत बंद पडली होती. कोणी मुद्दाम थांबवली नाही, नेणारं कोणी राहिलं नाही.

मी आईला म्हटलं, आज नको. आज गेलीस तर लोक म्हणतील, धंदा बुडाला म्हणून मढ्याच्या दारात कॉफी घेऊन आली. मी या कामात मुरलेली बाई, अप्पा. काय दिसेल ते मला आधी दिसतं. आईने डब्याचं झाकण घट्ट लावलं. "म्हणोत," ती म्हणाली. "त्या घरांत आज चूल नाही. मी जातें."

घर दोनच गल्ल्या पलीकडे. मी मागोमाग गेले, पण थोडं अंतर ठेवून. मामा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. एवढ्या लग्नांत हजारो पानं वाढलेला माणूस, रिकाम्या हातांनी. आजूबाजूला नातेवाईक. कोणी 'या' म्हटलं नाही. ती पायरीखालीच उभी राहिली, पेल्यात कॉफी ओतली आणि पेला त्यांच्यापुढे धरला. माफीचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मामांनी पेल्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस तोंड फिरवणार आणि आई इथेच खचणार. त्यांनी पेला घेतला. एक घोट घेतला आणि तमिळमध्ये विचारलं, "चिकोरी किती घातलीत?"

कोणीतरी घसा खाकरला. आई म्हणाली, "तुमच्या घरी जाते तेवढीच."

मामांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडू लागले. मोठ्याने, मुलासारखे. त्यांची बायको आपल्या दुकानातून स्वतः येऊन पूड न्यायची, तिला किती चिकोरी लागते हे आईला पाठ होतं. आई पायरी चढून आत बायकांमध्ये गेली आणि सगळ्यांना कॉफी देऊन झाल्यावरच बाहेर आली. मी ओसरीवर मामांपाशी बसले.

सुतक संपल्यावर काही दिवसांनी मामांचा माणूस एका लग्नाची पूड न्यायला आला. मामांनी निरोप वगैरे काही पाठवला नाही. आई आता दुकानात येते, पुड्या बांधायच्या तुमच्या जागी बसते आणि गिऱ्हाइकांसमोर मराठी बोलताना जरा आवाज खाली आणते. पूर्ण सोडणार नाही, ते तुम्हीही जाणता. आणि तुमचं माझं भांडण अजून मिटलेलं नाही, कारण कुरिअरच्या ऑर्डरीही येतातच आणि येतात त्या व्हिडिओमुळेच. लहान दुकानाला आपलं नाव सांगणारं कोणीतरी लागतं, अप्पा. हे मी तुमच्यासमोरही म्हटलं असतं. फक्त आता पानावरून उठले नसते.

हे पत्र कुठे टाकणार? तरी लिहायचं कारण आहे. त्या पहाटे डबा घेऊन आई बोळातून नाही, मोठ्या रस्त्याने चालू लागली, तेव्हा तिच्या मागून चालताना मी फोन काढून तिचा फोटो घेतला. दुकानाच्या ऑनलाइन पानावर टाकायला. फोटोखाली घालायला चार ओळीही लिहून झाल्या होत्या, चांगल्या जमल्या होत्या. त्या पुसून मी हे लिहायला बसले. फोटो मात्र अजून ठेवलाय.