साहेबांचा हात लागला की चालू

७ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा बंद पडली मोटारसायकल! पाण्याच्या टाकीच्या चढावर, मागे ट्रकवाला हॉर्न बडवतोय, आणि माझ्या पाठीवरच्या डब्यात सकाळपासून घरोघर फिरून गोळा केलेलं लोकांचं रक्त. किक मारून मारून पोटरीत गोळा आला. गाडी ढिम्म.

शेवटी साहेबांना फोन. साहेब म्हणजे माझा नवरा. कंपनी बंद पडल्यापासून घरीच असतात, म्हणून हा हुद्दा मीच बहाल केलाय. आले सायकल हाणत. आल्याबरोबर नेहमीचा विधी — पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावले, डॉक्टरसारखं 'हं' म्हणाले, झाकण लावलं. एक किक. चालू!

'तुझी किकच चुकते. पाय घाबरतो तुझा.'

माझा पाय घाबरतो म्हणे! याच पायावर आख्खं घर उभं आहे सध्या, त्याला कुणी हे कळवलं नाही वाटतं.

लॅबमध्ये पोहोचले तेव्हा नमुने घ्यायची वेळ टळून गेली होती. लॅबच्या बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'महिनाभर बघू, असं ठरलं होतं ना आपलं?' ठरलं होतं. अठरा तारखेला महिना संपतो. मग एक तर नोकरी पक्की, नाहीतर मी घरी. दोघं मिळून भिंतीकडे बघत बसू.

८ नोव्हेंबर, मंगळवार

आज नाही पडली बंद. जवळजवळचीच घरं होती. गाडीबाईसाहेबांची मर्जी!

१० नोव्हेंबर, गुरुवार

गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने गाडीकडे न बघताच सांगितलं, 'कार्बोरेटर.' मला वाटतं याच्या घरी कुणाला ताप आला तरी हा कार्बोरेटरच साफ करत असेल. प्लगही बदलला. मग स्वतः बसून गॅरेजभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, 'मख्खन!'

गॅरेजभोवती ती मख्खनच असते. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखी वागणारी कार्टी!

घरी येताना चढावर बंद. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, 'मॅडम, पेट्रोल कुठे भरता?' पंपावर विचारलं तर तो म्हणतो, 'सर्व्हिसिंग कुठे करता?' मी मधल्या मध्ये गाडी ढकलतेय. साहेब आले. झाकण, डोकावणं, 'हं', किक. चालू. वर मला म्हणतात, 'हिला हात लागावा लागतो माणसाचा.' म्हणजे मी कोण?

१३ नोव्हेंबर, रविवार

धाकटे दीर आले होते. दोघे भाऊ गाडीच्या दोन बाजूंना पाटावर बसून सकाळभर तिची सेवा करत होते. साहेबांनी तिला दर रविवारसारखी साबणाने आंघोळ घातली, फडक्याने पुसली, चाकांच्या तारा एकेक करून चमकवल्या. लग्नानंतर माझ्या वाट्याला इतकी माया आल्याचं आठवत नाही.

दिरांचं मत पडलं — 'वहिनी, गाडी मालक ओळखते. दादाने पंधरा वर्षं चालवली ती. तुमचं वजन तिला पटत नाही.'

'कमी पडतं की जास्त होतं, ते एकदा तिला विचारून सांगा,' मी म्हटलं. चहात साखर घालायची विसरले त्यांच्या. मुद्दाम!

पण एक खरं आहे. साहेब हल्ली सकाळी दाढी करतात. इस्त्रीचा शर्ट घालून, सायकलमध्ये हवा भरून, फोन समोर ठेवून बसतात. कंपनी बंद पडली त्यानंतर कित्येक महिने बनियनवर पंख्याकडे बघत पडून असायचे. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर तेही कळायचं नाही. तेव्हा मला फार भीती वाटायची. आता रोज माझ्या अकलेचे वाभाडे काढतात, पण काढतात तरी! गाडीने मला छळलं आणि माणूस उठवून बसवला. कुणाचे आभार मानू, कळत नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार

वाईट दिवस.

पुन्हा चढावर बंद. पुढच्या घरी एक आजोबा सकाळपासून उपाशी, माझी वाट बघत. दार उघडताच म्हणाले, 'बाई, रक्त काढायला आलात की वर पोहोचवायला?' हसावं तरी कसं! थरथरत होते बिचारे.

लॅबच्या बाई आज चिडल्याही नाहीत. शांतपणे म्हणाल्या, 'आता एकदा जरी उशीर झाला, तर तुमची फेरी मी दुसरीला देईन. तिच्याकडे स्कूटर आहे, नवी.' न्हाणीघरात जाऊन रडले. दुःखाने नव्हे, रागाने. या वयात गाडी शिकले, गुडघे फोडून घेतले, अख्ख्या गल्लीचं हसू झेललं, आणि आता ही लोखंडी सवत मला घरी बसवणार!

साहेबांना सांगितलं. म्हणाले, 'जाऊ दे. तब्येत सांभाळ. काहीतरी होईल.' काहीतरी म्हणजे काय, ते साहेबांनाही माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

चढावर बंद पडली. फोन काढला आणि परत ठेवला. म्हटलं, साहेब येईपर्यंत नोकरी जाईल. नुसत्या वैतागाने त्यांची नक्कल केली. तोंड वाकडं करून झाकण उघडलं, आत डोकावले, जाड आवाजात 'हं' म्हटलं. आणि झाकण उघडतानाच आवाज आला — फुस्स! टाकीने श्वास घेतल्यासारखा. लावलं झाकण, मारली किक. चालू!

पुढे शाळेपाशी पुन्हा आचके. पुन्हा झाकण, पुन्हा फुस्स, पुन्हा चालू. मग मात्र बाजूला घेतली आणि झाकण उलटंपालटं करून पाहिलं. त्यात एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा तिथून आत जायला हवी. हवा नाही गेली तर पेट्रोल अडतं आणि गाडी थोडं अंतर जाऊन मरते. ते भोक बुजलेलं. कशाने? वाळलेल्या साबणाने! साहेबांच्या सेवेने! केसातली पिन काढली, भोक मोकळं केलं, आणि सगळी फेरी एका दमात. लॅबमध्ये वेळेच्या आधी हजर. बाई म्हणाल्या, 'आज सूर्य कुठे उगवला?'

कार्बोरेटर म्हणे! पाय घाबरतो म्हणे! वजन पटत नाही म्हणे!

घरी येऊन सगळं करून दाखवलं. झाकण, 'हं', फुस्स, सगळं. वाटलं, साहेब खो खो हसतील. म्हणाले, 'अच्छा.' आणि उठून सायकल आत ठेवली. तज्ज्ञांचं नाक कापलं गेलं! मला पोटभर हसायचं होतं, ते राहूनच गेलं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर मख्खन. साहेबांनी दाढी केली नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

नोकरी पक्की झाली. हे आधी लिहून टाकते.

सकाळी चढावर गाडी बंद पडली. झाकण उघडलं. भोकात साबण होता. आपल्याच वडीचा, हिरवा, अजून मऊ, अंगठ्याने दाबून बसवलेला. रविवारनंतर गाडी कुणी धुतलेली नाही.

पिनेने तो काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचाच.

'कुठे बंद पडली? निघू का मी?'

मी त्यांना अजून काही कळवलंच नव्हतं.