बाईंची छत्तिसावी केस

३ मार्च, सकाळी ७
पस्तीस कादंबऱ्या झाल्या. आमच्या डिटेक्टिव्ह बाईंचे गुडघे अजून शाबूत. माझे दोन्ही गेले. छत्तिसाव्या केसचं फक्त शेवटचं प्रकरण राहिलंय. प्रकाशकांनी गेल्याच महिन्यात बजावलंय, वीस मार्च चुकली तर मालिका बंद. वीस कशाला, दहालाच देतो. बायको परवाच लेकीकडे गेली. घर शांत. लेखकाला आणखी काय हवं?

४ मार्च
आमची पद्धत ठरलेली. शेवटच्या प्रकरणात मी ‘बाई सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतात’ एवढं लिहून सोडतो. पुढचं बायको टाइप करताना ‘नीट करून’ घेते. कारकुनी काम. या वेळी मीच करणार. अर्धा दिवस पुरे.

६ मार्च
बाईंनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. सगळे बसले. कोणी बोलेना. खुर्चीमुळे पाठ धरली. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

७ मार्च, सकाळी ९.४०
उठलो.

१० मार्च
खून कोणी केला, हे ठरवायचं राहूनच गेलंय. किरकोळ बाब. सात संशयित आहेत, त्यातला एक उचलू. माळी उचलला. दुपारी लक्षात आलं, माळी तिसऱ्या प्रकरणात मेलाय. मीच मारलाय.

१३ मार्च
मूड यावा म्हणून जुन्या केसेसची शेवटची प्रकरणं वाचली. अहाहा! काय लिहून गेलोय! आणि त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. प्रतिभा म्हणतात ती हीच. अकराव्या केसमध्ये बाई म्हणतात, आमच्या ह्यांना नाकासमोरचं दिसत नाही, पण माणूस वाईट नाही. बाईंना नवरा आहे? मला कोणी सांगितलं नाही.

१६ मार्च
बायकोला फोन. फक्त खुशालीसाठी. मग सहज विचारलं, तुला काय वाटतं, खून कोणी केला असेल? म्हणाली, तुम्ही लिहिताय ना, तुम्हालाच ठाऊक. मग नात रडतेय म्हणून फोन ठेवला. मला तर रडणं काही ऐकू आलं नाही.

१९ मार्च
थकलो. खरंच थकलो. तेरा दिवस ती माणसं दिवाणखान्यात बसलीत. त्यांना चहा पाजण्यात माझी बावीस पानं गेली. कोणालाही पकडा, पण मला सोडा. उद्या प्रकाशकांना स्पष्ट सांगणार, तब्येत बरी नाही.

२० मार्च, दुपारी १२
प्रकाशकांचा फोन. मला बोलूच देईनात. शेवटचं प्रकरण वहिनींकडून एक तारखेलाच आलं, नेहमीसारखं फक्कड. मालिका चालू. सदतिसाव्या केसचा करारही झाला, वहिनींशी. मी विचारलं, मग माझं नाव? म्हणाले, ते राहू द्या म्हणाल्या, ह्यांना बरं वाटतं.

शेवटी लाज सोडून विचारलं, खून कोणी केला?
म्हणाले, पुस्तक आलं की एक प्रत पाठवतो.