हंड्यातलं गोड पाणी

एप्रिल महिना, रविवार दुपार

आई, फार दिवसांत तुला काही लिहिलं नाही, माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तुला सांगण्यासारखं काही असलं की मी आधी ते टाळून बघते. आज टाळता येत नाही, कारण गोष्ट तुझ्या हंड्याची आहे.

समोरच्या खोलीत, तुझं शिलाई मशीन असायचं तिथे, आता भिंतभर काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्राचं पाणी आहे. म्हणजे फिल्टरच्या पाण्यात समुद्राचं मीठ मोजून विरघळवलेलं. इंदूरला दातांच्या डॉक्टरकडे अशी टाकी पाहिली होती, ती डोक्यातून जाईना. गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून आणली तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मासे खात नाही अन् मासे पाळतेस. एकादशीला यांनाही उपास का?" पहिले कितीतरी आठवडे आत नुसते दगड होते, कारण मासे सोडण्याआधी पाणी मुरू द्यावं लागतं. तुझे जावई रोज विचारायचे, "दगड जेवले का आज?" मग केशरी माशांची जोडी आली, काही कोळंब्या, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, आणि एक समुद्रफूल. त्याच्या बोटांसारख्या पाकळ्यांत ते मासे झोपतात.

अण्णा आधी टाकीकडे पाठ करून पेपर वाचायचे. हळूहळू खुर्ची वळली. तू गेल्यापासून ते लेकी-जावयाशीही कामापुरतंच बोलतात, पण माशांशी बोलायला लागले. मला ते बघून इतकं बरं वाटलं की मी त्यांना सगळं समजावून सांगत बसायची. आपल्याकडच्या उन्हात टाकीचं पाणी रोज बोटभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं, म्हणून वरून फक्त गोडं पाणी घालायचं. त्यांनी हे नीट लक्ष देऊन ऐकलं होतं.

मागच्या आठवड्यात एक कोळंबी उलटी पडलेली दिसली. मग आणखी पडल्या. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत गळाल्या. समुद्रफूल मिटून मुठीएवढं झालं. घरात होत्या तेवढ्या सगळ्या तपासण्या केल्या, सगळं बरोबर. थोडं पाणी बदललं, तरी मरणं थांबेना. मी रसायनशास्त्र शिकलेली, शाळेत शिकवणारी, आणि मला काही कळत नव्हतं. टाकीत हात घालताना वाटायचं, माझ्याच हाताला काही लागलेलं असेल.

बुधवारी शाळेतून लवकर घरी आले. दार उघडंच होतं. अण्णा स्टुलावर उभे आहेत, एका हाताने काचेची कड धरलेली, दुसऱ्या हातात तांब्या. दचकून पडतील म्हणून मी हाक मारत नाही, दारातच थांबते. अभिषेकासारखी बारीक धार धरून ते म्हणतात, "घ्या रे. हंड्याचं आहे, गोड आहे. दिनभर खारं पिऊन जीव वैतागला असेल तुमचा. बिमार पडले ना, आज थोडं जास्ती घ्या."

माणसाला तांबं चालतं, आई. कोळंबीला त्याचा अंशही विष आहे. हे मला ठाऊक होतं. टाकीत तांब्याची अंगठी घातलेला हातसुद्धा मी कोणाला घालू दिला नाही. पण तुझा हंडा तांब्याचा आहे हे मला कधी दिसलंच नाही. तो हंडा आहे, इतकंच दिसायचं.

त्या रात्री मी तांबं तपासायचं औषध मागवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आधीच टाकी भरून ठेवायला लागले. ते भरलेला तांब्या घेऊन येत, बघत, परत जात. एकदा विचारलं, "कोळंबी दिसत नाही, बाई?" मी म्हटलं, "दगडामागे असेल." रात्रीच्या जेवणानंतर हे म्हणाले, "सांगून टाक ना सीधं. अण्णा काय लहान आहेत?" मी म्हटलं, "त्यांनी हंडा भरणंच सोडलं तर?" घरातलं तेवढं एकच काम त्यांनी तुझ्यानंतर हातात ठेवलंय. हे म्हणाले, "तर मी भरीन." "तुम्ही? तुम्हाला तो कुठे ठेवलेला असतो ते तरी माहीत आहे का?"

मला सारखा तो दिवस आठवत होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी स्टीलचा फिल्टर घ्यायचा हट्ट धरला होता. तू मोरीत बसून चिंचेने हंडा घासतेयस, हात कोपरापर्यंत लाल. वर न बघता म्हणालीस, "दोन बुकं शिकली अन् मला पाणी शिकवते." मी तेव्हा हट्ट सोडला. आता तेच पाणी मी अण्णांना शिकवणार होते.

काल तांबं तपासायचं औषध कुरिअरने आलं. आज जेवणं झाल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची टाकीजवळ ओढली.

"कोळंब्या सगळ्या गेल्या?"

"हो."

"अन् फूल?"

"आत्ताच नाही सांगता येत. दगडांनी किती तांबं धरून ठेवलंय त्यावर आहे."

"तुझी आई म्हणाली असती, मासेच कच्चे निघाले."

मी हसले. ते हसले नाहीत. उठले, हंडा बादलीत रिकामा केला, आतून फडक्याने कोरडा पुसला आणि ओट्याखाली पालथा घातला. मग फ्रिजमधली बाटली काढून पाणी प्यायले. त्यांना फ्रिजचं पाणी पिताना मी याआधी कधी पाहिलं नाही.

हे वहीतच राहणार आहे, म्हणून लिहिते. काल हंड्याच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळीत गडद निळा रंग चढला, तेव्हा कोळंब्या आठवल्या नाहीत, अण्णाही आठवले नाहीत. आधी वाटलं, बघ आई, मी म्हटलं नव्हतं? क्षणभरच, पण वाटलं. खरं तर फिल्टरच्या वेळी मी तांब्याबद्दल काही म्हटलंच नव्हतं, मला फक्त मैत्रिणीच्या घरासारखा फिल्टर हवा होता. आणि त्या पाण्याने तुझं कधी पोट दुखल्याचं मला आठवत नाही.

उद्या: अण्णा उठायच्या आधी हंडा चिंचेने घासून प्यायचं पाणी भरणे.